उंदराची झोप मोजताना

प्रयोगशाळेतला उंदीर झोपला आहे की जागा, हे ठरवण्याची प्रमाण मानलेली पद्धत अशी आहे. उंदराला भूल द्यायची, कवटीला बारीक छिद्रं पाडून त्यांत स्क्रू बसवायचे, मानेच्या स्नायूंत तारा घालायच्या आणि हे सगळं दातांच्या सिमेंटनं डोक्यावर पक्कं करायचं. मग तो सावरेपर्यंत आठवडाभर किंवा त्याहून जास्त थांबायचं. त्यानंतर कुठे मेंदूच्या विद्युत् लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, आणि स्नायूंचा ताण एकत्र नोंदवता येतो. २५-३० ग्रॅम वजनाच्या जिवाला हे ओझं हलकं नाही. म्हणून गेल्या दोन दशकांत शरीराला धक्का न लावता झोप आणि श्वास मोजण्याच्या पद्धतींवर बरंच काम झालं. या पद्धतींविषयीचे गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. काहींना त्या कच्च्या वाटतात, तर काहींना निर्दोष.

पहिला समज असा की ही उपकरणं फक्त हालचाल थांबली की नाही तेवढंच बघतात. काहींच्या बाबतीत ते खरं आहे, पण त्यातही विचार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की उंदीर सलग ४० सेकंद निश्चल राहिला तर ती झोप धरायची, एवढ्या साध्या नियमानं झोपेची एकूण वेळ ईईजीशी चांगली जुळते. अंग चाटता चाटता उंदीर क्षणभर थांबतो, तसे थांबे या नियमामुळे गाळले जातात. त्याची किंमतही आहे. ४० सेकंदांहून छोटी डुलकी हातून निसटते, आणि जागेपणी शांत बसलेला उंदीर झोपलेल्यांत मोजला जातो.

केंटकी विद्यापीठात विकसित झालेली पद्धत याच्या पुढे जाते. पिंजऱ्याच्या तळाशी दाब पडला की वीज निर्माण करणारी प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. उंदीर जागा असतो तेव्हा तिच्यातून येणारा संकेत वेडावाकडा, अनियमित असतो. तो झोपला की सेकंदाला साधारण तीन वेळा होणारा श्वास एका लयीत उमटू लागतो. म्हणजे इथे नुसती निश्चलता मोजली जात नाही, श्वासाची लय वाचली जाते. ईईजीशी ताडून पाहिलं तेव्हा जाग आणि झोप यांचा निर्णय ९० टक्क्यांच्या आसपास जुळला. आणखी एका पद्धतीत उंदराला बंद कक्षात मोकळं सोडतात आणि श्वासागणिक कक्षातल्या हवेच्या दाबात होणारा सूक्ष्म फरक टिपतात. श्वास आणि हालचाल मिळून रेम झोपही, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्थाही, त्यातून बऱ्यापैकी ओळखता येते.

दुसरा समज संशोधकांमध्येच आढळतो: मेंदूत तार नसेल तर ते दुय्यम विज्ञान. जैविक घड्याळाच्या अभ्यासाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९८८ मध्ये राल्फ आणि मेनाकर यांनी टाऊ नावाच्या जनुकीय बदलाची माहिती प्रसिद्ध केली. तो बदल असलेल्या हॅमस्टरचा दिवस जवळपास २२ तासांचा होता, आणि बदल दोन्ही पालकांकडून आला तर सुमारे २० तासांचा. हे लक्षात आलं ते पिंजऱ्यातलं चाक हॅमस्टर कधी फिरवतो याच्या नोंदीवरून. १९९४ मध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटानं उंदरांतला ‘क्लॉक’ हा बदल शोधला, तोही चाकाच्याच नोंदींतून.

तरीही तारा अडगळीत टाकता येणार नाहीत. २०१६ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या यानागिसावा यांच्या गटानं ८,००० हून अधिक उंदरांवर इलेक्ट्रोडच्या शस्त्रक्रिया करून झोपेत बदल असणारे दोन वंश शोधले. ‘स्लीपी’ उंदीर फार झोपायचे. ‘ड्रीमलेस’ उंदरांची रेम झोप घटलेली होती. पिंजऱ्याच्या तळाची फिल्म ‘स्लीपी’ला सहज पकडू शकली असती. ‘ड्रीमलेस’च्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. शिवाय जागरणानंतर झोप किती गाढ लागली, हे मंद लहरींच्या ताकदीवरून कळतं, आणि त्या लहरी पाहायला ईईजी लागतोच. माझ्या मते आधी शेकडो उंदीर बाहेरून तपासून, संशयित ठरलेल्या मोजक्यांवरच शस्त्रक्रिया करणं हा रास्त क्रम आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज तिसरा आहे: सुई नाही म्हणजे त्रास नाही. शेपटीला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात त्यात काहीच टोचत नाही. पण त्यासाठी उंदराला अरुंद नळीत कोंडावं लागतं, शेपटी गरम करावी लागते, आणि या कोंडण्यानंच त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. आधी काही दिवस सवय लावली नाही, तर मोजला जातो तो भीतीतला रक्तदाब. नुसतं उचलणंही निरुपद्रवी नाही. २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटी धरून उचललेले उंदीर माणसाच्या हाताला बिचकतात. नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले कमी घाबरतात. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचं संप्रेरक पकडापकडीनंतर काही मिनिटांत चढू लागतं. म्हणून ते लेंड्यांतून मोजण्याची पद्धत मोलाची आहे, कारण काही तासांपूर्वीचा ताण उंदराला हातही न लावता कळतो. भारतात अशा प्रयोगांआधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. तिथे शस्त्रक्रियेविषयी जितक्या बारकाईनं विचारलं जातं, तितक्याच बारकाईनं उंदीर उचलणार कसा, हेही विचारलं जावं.

उंदीर दिवसभर झोपतो आणि रात्रभर जागतो, हेही पूर्ण खरं नाही. चोवीस तासांत तो बारा तासांच्या आसपास झोपतो, त्यातलं बरंचसं उजेडात. पण झोप मिनिटांच्या तुकड्यांत येते आणि रात्रीही डुलक्या असतात. दुपारी तासभर निरीक्षण करून त्याच्या झोपेविषयी काहीच ठरवता येत नाही. पिंजरे मात्र बहुधा दिवसाच साफ होतात, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी.

शेवटचा मुद्दा तापमानाचा आणि सोबतीचा. माणसाला सुखकर वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला थंड असते. अंगाची ऊब राखायला जास्तीची शक्ती लागू नये, यासाठी त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान हवं असतं. ते मिळालं की हृदयाचे ठोके बरेच मंदावतात. घरट्याचं साहित्य आणि एकमेकांना बिलगून झोपणं हे उंदरांचे ऊब राखण्याचे उपाय. तळाची फिल्म किंवा हालचाल टिपणारा इन्फ्रारेड सेन्सर वापरायचा तर बिलगून झोपलेल्यांतला कोणता श्वास कुणाचा, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं ठेवतात. त्वचेखाली ओळखचिप बसवली तर कोण कुठे आहे ते कळतं, पण ती बसवायला सुई लागते, आणि झोपेविषयी ती काही सांगत नाही. इलेक्ट्रोड लावलेले उंदीरही बहुधा एकेकटेच ठेवले जातात, कारण सोबती तारा कुरतडतात. त्यामुळे एकटा ठेवलेला उंदीर कसा झोपतो, याचीच माहिती आज आपल्याकडे जास्त आहे.