बीड जिल्ह्यातील गर्भाशय-शस्त्रक्रिया आणि रुग्णहक्कांचा प्रश्न

प्रस्तावना

नफ्यासाठी चालणारी वैद्यकीय सेवा आणि तिच्यापुढे उभा असलेला रुग्ण यांच्यातील असमान संबंधाची चर्चा जगभर बहुधा डायलिसिसच्या संदर्भात होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तासांच्या आसपास यंत्राला जोडून घ्यावे लागते. तो केंद्र बदलू शकत नाही, उपचार पुढे ढकलू शकत नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने या उपचाराचा खर्च शासनाने उचलला. कालांतराने सेवा मात्र मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. कॅलिफोर्निया राज्यात २०१८, २०२० व २०२२ असे तीन वेळा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने या केंद्रांवर निर्बंध घालणारे प्रस्ताव सार्वमतास आले आणि तिन्ही वेळा फेटाळले गेले. पैकी २०१८ च्या प्रस्तावास विरोध करण्यासाठी उद्योगाने दहा कोटी डॉलरपेक्षा अधिक रक्कम खर्च केली.

या संबंधाचे तात्त्विक विवेचन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच करून ठेवले होते. भाजी घेणाऱ्यास भाजी ताजी की शिळी हे पाहून कळते. रुग्णास आपल्याला कोणत्या उपचाराची गरज आहे हे विक्रेत्याकडूनच समजून घ्यावे लागते, आणि उपचार झाल्यावरही तो आवश्यक होता की नव्हता याचा पडताळा त्याला घेता येत नाही. डायलिसिसचा रुग्ण निदान त्याच केंद्रात वारंवार येतो. इतर रुग्णांशी त्याची ओळख होते, तक्रार एकत्रितपणे मांडता येते. एकदाच शस्त्रक्रिया करून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला तेही येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकडे आणि त्यांचे वाचन

एप्रिल २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून बीडमधील काही गावांची वर्णने प्रसिद्ध झाली. गावातील निम्म्या बायकांची ‘पिशवी’ काढलेली आहे, असे त्यांत म्हटले होते. राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेऊन राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठविली. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी पाठदुखी, सांधेदुखी, नैराश्य यांसारख्या त्रासांची तक्रार नोंदविली.

हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात उभे करण्याची चूक अनेकांनी केली आहे. पहिला आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आलेला, तीन वर्षांपुरता व जिल्ह्यातील सर्व स्त्रियांचा आहे; दुसरा एका विशिष्ट श्रमिक गटातील स्त्रियांच्या आजवरच्या आयुष्याचा आहे. दुसऱ्यावरून निघणारे प्रमाण १६.८ टक्के इतके होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशपातळीवर हे प्रमाण ३.२ टक्के, तर पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३.३ टक्के होते. दोन सर्वेक्षणांतील वयोगट व पद्धती सारख्या नसल्याने ‘पाचपट’ असे सरळ विधान करणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरणार नाही. तथापि वयाचा फरक गृहीत धरला तरी एवढी तफावत केवळ आजारपणाने स्पष्ट होणे कठीण आहे. चौथ्या फेरीत देशातील अशा सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्याचे दिसते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

कोयता, उचल आणि खाडा

बालाघाटाच्या डोंगररांगेवरील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज हे तालुके कमी पावसाचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या वजनातून फेडावयाची असते. कोयत्यातील एकाने जरी काम बंद ठेवले, तरी दिवस वाया गेला असे धरून ‘खाड्या’ची रक्कम कापली जाते, ती दिवसाला ५०० रुपयांच्या आसपास असल्याचे या काळातील वृत्तांतांत नमूद आहे. फडाजवळच्या कोपीत नळ, न्हाणी, शौचालय काही नसते. पहाटे स्वयंपाक, दिवसभर तोड, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे आणि मासिक पाळीतही तेच काम, असा सहा महिन्यांचा क्रम असतो.

या परिस्थितीत जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अनियमित रक्तस्राव हे विकार उद्भवणे स्वाभाविक आहे. त्यांतील बहुतेकांवर औषधोपचार उपलब्ध आहेत. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके चालतात, अति रक्तस्रावावर गोळ्या अथवा संप्रेरकयुक्त तांबी वापरता येते. कर्करोगाचा संशय असल्यास गर्भाशयमुखाची साधी तपासणी वा पेशीपरीक्षण करून खात्री करता येते. कर्करोग, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे किंवा इतर कोणत्याही उपायाने न थांबणारा रक्तस्राव अशा स्थितीतच गर्भाशय काढणे वैद्यकशास्त्रास संमत आहे. अनेक स्त्रियांच्या कथनांत मात्र एकच क्रम पुनःपुन्हा येतो: तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते आणि दोन-चार दिवसांत शस्त्रक्रिया उरकली जाते. सोनोग्राफीच्या धूसर चित्रावरून कर्करोगाचे भाकीत करणारा हा संवाद या प्रकरणाचा खरा गाभा आहे. भीती हेच येथे विक्रीचे साधन झाले.

वृत्तमाध्यमांनी, विशेषतः परदेशी माध्यमांनी, ‘मुकादमांना गर्भाशय नसलेल्या बायका हव्या असतात’ या सूत्रावर भर दिला. ते अगदी निराधार नाही. परंतु त्यावर सगळा दोष टाकला की सोनोग्राफीच्या टेबलावर घडणारा निर्णय नजरेआड होतो. मुकादम शस्त्रक्रिया करीत नाही. त्याने दिलेली उचल तिच्या खर्चासाठी वापरली जाते आणि कुटुंब आणखी एक-दोन हंगाम बांधले जाते, एवढा त्याचा संबंध निश्चित आहे. विशी-तिशीतच हे घडण्यामागे आणखी एक कारण आहे. बालविवाह, लवकर झालेली दोन-तीन बाळंतपणे आणि त्यापाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते. ‘मुले झाली, आता पिशवीचे काम काय?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतो, सासू विचारते आणि पुढे ती बाईही स्वतःला विचारू लागते.

परिणामांची जाण मात्र कोणी दिलेली नसते. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढले गेल्यास तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश राखले तरी रजोनिवृत्ती अलीकडे सरकू शकते. ज्या देहाच्या बळावर उचल फेडावयाची, तोच देह अकाली थकतो. विश्रांतीचा सल्ला मिळतो खरा, पण हंगाम थांबत नाही.

बीडच्या खासगी वैद्यकसेवेवर समाजाची नजर याआधीही पडली होती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १,००० मुलांमागे अवघ्या ८०७ मुली नोंदल्या गेल्या आणि २०१२ मध्ये परळीतील गर्भपाताच्या प्रकरणाने राज्य हादरले. यंत्र तेच, सोनोग्राफीचे. एके काळी त्याने मुलीचा गर्भ शोधला, पुढे तिच्या आईच्या गर्भाशयात दोष शोधला.

संमती आणि कायदा

प्रत्येक प्रकरणात संमतिपत्रावर सही अथवा अंगठा असतोच. तो पुरेसा मानावा काय? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्यात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. योगायोगाने तो खटलाही गर्भाशय काढण्याचाच होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय व बीजांडकोश बाहेर बसलेल्या आईच्या संमतीने काढण्यात आले. सज्ञान रुग्णाच्या वतीने, तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना, इतर कोणी संमती देऊ शकत नाही. तसेच उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, पर्यायी उपचार आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम समजावून सांगितल्याशिवाय संमती वैध ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निकष बीडच्या कथनांना लावून पाहिल्यास ‘पर्यायी उपचार’ हा शब्दच तेथे कोठे आढळत नाही.

कायद्याची चौकट दुबळी राहिली, हेही नाकारता येत नाही. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालये १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदविली जातात. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्णहक्क सनद तयार केली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांचा पाठपुरावा त्यापूर्वीपासून चालू होता. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृहांचे सुधारित नियम अधिसूचित केले. त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आणि तक्रार निवारणाची व्यवस्था करणे आवश्यक झाले. ज्या स्त्रीला अक्षरओळख नाही, तिच्यासाठी भिंतीवरच्या सनदेचा उपयोग किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

असे प्रकार बीडपुरते मर्यादित नव्हते. राजस्थानातील दौसा, छत्तीसगड आणि बिहारमधूनही २०१० नंतरच्या काही वर्षांत अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या तक्रारी आल्या. छत्तीसगड व बिहारमध्ये शासकीय विमा योजनेच्या कार्डावर त्या झाल्याचा आरोप होता. बीडमध्ये मात्र बहुसंख्य स्त्रियांनी खर्च कर्जाने किंवा उचलीतून भागविला. पैसा शासनाने दिला काय आणि रुग्णाने दिला काय, देखरेख नसेल तर परिणाम सारखाच होतो, हे या दोन अनुभवांवरून दिसते. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय देताना, केंद्र शासनाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश दिला. राज्य व जिल्हा पातळीवर संनियंत्रण समित्या आणि ४० वर्षांखालील स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची नोंद यांवर त्या तत्त्वांचा भर आहे.

परवानगीचा उपाय

प्रकरण उघडकीस आल्यावर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधन घालण्यात आले. स्थानिक डॉक्टरांच्या वर्तुळातून यास विरोध झाला. बायका स्वतःच ‘काढून टाका’ म्हणून येतात, नकार दिल्यास दुसऱ्या दवाखान्यात जातात, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु मागणी कोठून निर्माण झाली, हे त्याच वेळी विचारावे लागते. पाळीच्या दिवसांतला खाडा, शेजारणीचा अनुभव आणि कर्करोगाची पेरलेली भीती यांतून ती आली असेल, तर ती समजावून परतविणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते. अरुण गद्रे व अभय शुक्ला यांच्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ (२०१६) या पुस्तकात ७८ डॉक्टरांनी व्यवसायातील अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रियांविषयी स्वतःहून सांगितले आहे. म्हणजे व्यवसायाच्या आतही हा अस्वस्थपणा आहे.

परवानगीच्या उपायाचा एक दोष महिला संघटनांच्या भूमिकेच्या अंगाने पाहिल्यास स्पष्ट होतो. स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय एका दवाखान्यातून निघून दुसऱ्या कार्यालयात जातो. तिच्या हाती येत नाही. जिला खरोखरच रक्तस्रावाने ग्रासले आहे, तिला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात. दुसरे असे की बंधन जिल्ह्याचे आणि स्थलांतर जिल्ह्याबाहेरचे. सहा महिने सांगली, कोल्हापूर वा बेळगावच्या फडात असणाऱ्या स्त्रीवर तेथील दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, तर बीडच्या नोंदवहीत तिचा मागमूस उरत नाही.

महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी म्हणूनच शस्त्रक्रियेबरोबर फडाकडे लक्ष वेधले आहे. कारखान्याच्या परिसरात शौचालय व पाणी, स्थलांतरापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणी, कामगार म्हणून स्त्रीची स्वतंत्र नोंद या त्यांच्या मागण्या आहेत. यांतील शेवटची मागणी वरवर पाहता आरोग्याशी संबंधित वाटत नाही. पण कोयता नवऱ्याच्या नावावर असतो, उचल त्याच्या हाती पडते आणि कारखान्याच्या दप्तरात तिचे नाव नसते. तोडणीच्या काळात ती आजारी पडली तर ती कोणाची कामगार, हे ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर तक्रार करावयाची झाल्यास कागद लागतात, आणि डिस्चार्ज कार्डाखेरीज तिच्यापाशी बहुधा काही नसते. पुष्कळदा तेही कोपीच्या पावसात भिजून गेलेले असते.