पिल्लू सापाला ऊब देताना

जर्मनीत वाढलेलं मूल वाढदिवसाला ससा किंवा हॅमस्टर न मागता ‘कॉर्ननाटर’ मागतं, तेव्हा मराठी आईबाबांचे चेहरे बघण्यासारखे होतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले साप घरात पाळता येत नाहीत. इथे मात्र मूळचा अमेरिकेचा हा बिनविषारी कॉर्न स्नेक सहज मिळतो. तुम्ही ‘हो’ म्हणून बसला असाल, तर विषाची चिंता सोडा आणि तापमानाची करा.

गावाकडे सकाळी बांधावर उन्हात पसरलेली धामण तुम्ही पाहिली असेल. ऊन चढलं की ती बिळात किंवा सावलीत जाते. सापाचं शरीर स्वतःची ऊब जवळजवळ तयारच करत नाही, पण म्हणून तो हवामानाच्या हवाली असतो असं नाही. १९४४ साली कोल्स आणि बोगर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करून दाखवलं, की ऊन-सावलीत ये-जा करून हे प्राणी शरीराचं तापमान बऱ्यापैकी नेमकं राखतात. त्यामुळे पेटीलाही दोन टोकं हवीत: एक साधारण २८ ते ३० अंशांचं, दुसरं २२ ते २४ अंशांचं. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर घाबरट पिल्लू ऊब सोडून आडोसा निवडतं. मग गिळलेला उंदीर पचत नाही आणि उलटून पडतो.

बहुतेक लोक पेटीखाली हीट मॅट लावतात, आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. मॅट ठरावीक तापमान देत नाही, ती ठरावीक वॅट देते. आत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता समान झाली की तापमान स्थिरावतं. म्हणजे ढोबळमानाने मॅट खोलीच्या तापमानात एक ठरावीक भर घालते. जानेवारीत १९ अंशांच्या खोलीत जी मॅट ३० अंश देते, तीच जुलैत ३२ अंशांच्या खोलीत ४३ पर्यंत जाऊ शकते. वर जाड भुसा टाकलात तर उष्णता अडकून काच आणखी तापते. आणि साप पोटाखालच्या तापलेल्या जागेवरून वेळेत हलेलच असं नाही. पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात.

म्हणून थर्मोस्टॅट हवाच. पण त्याच्यावरही आंधळा विश्वास नको. आमच्याकडे एकदा पेटी साफ केल्यावर सेन्सर चिकटपट्टीतून निसटून थंड टोकाला गेला. थर्मोस्टॅटला बिचाऱ्याला वाटलं, अजून गारच आहे, आणि तो तापवत राहिला. संध्याकाळी मोजलं तर काच ४६ अंश. पेन्सिलीएवढं पिल्लू पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलं होतं, म्हणून वाचलं. तेव्हापासून सेन्सर मॅटच्या पृष्ठभागावर, पेटीच्या बाहेरून पक्का बसवलाय आणि दोन्ही टोकांना स्वतंत्र थर्मामीटर आहेत. मॅटही मुद्दाम कमी वॅटची घेतली, म्हणजे थर्मोस्टॅट चालूच राहिला तरी फार अनर्थ होऊ नये. मॅट पेटीच्या एक तृतीयांश तळापेक्षा मोठी नको. पेटीखाली हवेला थोडी फटही ठेवा. पेटीच्या आत दिवा लावणार असाल तर त्याला जाळी हवीच, कारण साप गरम बल्बलाही विळखा घालतो. विकत मिळणारे तापणारे ‘दगड’ तर मी घरातही आणणार नाही.

खरी पंचाईत मात्र हिवाळ्यात नसते. २५ जुलै २०१९ला डुइसबुर्ग-बेर्लमध्ये ४१.२ अंश नोंदले गेले, आणि आपली घरं बहुधा एसीविना, त्यातून कुणाचं छपराखाली. अशा दिवशी मॅट बंद केली तरी पेटीत थंड टोक उरतच नाही. छोट्या पेटीत तर मुळीच नाही. गेल्या उन्हाळ्यात आमचं पिल्लू तीन दुपारी हवेशीर डब्यात, तळघरात बटाट्यांच्या पोत्याशेजारी होतं. तिथे २१ अंश होते. शेजारच्या आजींना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.