राजी : पुण्यात घडलेला व्हिडिओ गेम

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा पहिला गेम. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी 2017 मध्ये हा स्टुडिओ उभा केला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही याची नायिका. पहाडी चित्रशैली, राजस्थानी महालांची आठवण देणारे वास्तुशिल्प आणि कथा पुढे नेणाऱ्या छायाबाहुल्या यांमुळे हा गेम दिसताक्षणी वेगळा वाटतो, आणि त्याची खरी ताकद तीच आहे.

पैशाची वाट मात्र बिकट होती. 2017 मध्येच किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला. उद्दिष्ट गाठले गेले नाही. तेथील नियमानुसार उद्दिष्ट अपुरे राहिले तर जमलेली रक्कमही हाती येत नाही. पण या प्रयत्नासाठी खेळता येईल असा डेमो तयार झाला होता. कागदावरच्या कल्पनेपेक्षा असा नमुना प्रकाशकाला पटवणे सोपे जाते. पुढे एपिक गेम्सचे अनुदान मिळाले आणि प्रकाशकही लाभला.

18 ऑगस्ट 2020 रोजी गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. चित्रांचे कौतुक झाले. लढाईतील अडखळ आणि कमी लांबी यांवर टीकाही झाली, ती रास्तच होती. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळाले. प्रकाशनाने काम संपले नाही: 2022 च्या सुधारित आवृत्तीत लढाई सुधारली आणि पात्रे हिंदीत बोलू लागली.