आईचे माहेरचे नाव

इशिउची मियाको हे या जपानी छायाचित्रकर्तीचे जन्मनाव नव्हे. ते त्यांच्या आईचे माहेरचे नाव. १९४७ साली जन्मलेल्या मियाको वाढल्या योकोसुकात, अमेरिकी नौदलाच्या तळाशेजारी. कला विद्यापीठात शिकल्या विणकाम. पुढे कॅमेरा हाती आला तेव्हा त्यांनी आईचे नाव घेतले आणि सुरुवात केली ती नकोशा वाटणाऱ्या योकोसुकापासूनच. जुन्या इमारतींच्या पोपडे उडालेल्या भिंतींचे त्यांचे दाणेदार, कृष्णधवल फोटो गाजले. १९७९ साली किमुरा इहेई पुरस्कार मिळाला.

चाळिशीत भिंतींची जागा कातडीने घेतली. आधी आपल्याच वयाच्या बायकांचे हातपाय, मग माणसांच्या अंगावरचे वण. वणाला दिवस असतो, प्रसंग असतो. आईच्या अंगावरही उकळते तेल सांडून भाजल्याचा मोठा वण होता. मायलेकींचे फारसे कधी जमले नव्हते. उतारवयात आईने त्या वणाचे फोटो काढू दिले आणि त्यानंतर लवकरच, २००० साली, ती गेली.

राहून गेलेले बोलणे मियाकोंनी मग तिच्या वस्तूंशी केले: कवळी, केस अडकून राहिलेला ब्रश, उजेड आरपार जाणारे परकर. लिपस्टिकचा लाल रंग काळ्या-पांढऱ्यात हरवतो, म्हणून त्या रंगीत फिल्मकडे वळल्या. लावून लावून लिपस्टिकला आलेला उतार फोटोत तसाच आहे. ‘मदर्स’ ही मालिका २००५ साली व्हेनिस बिएनालेत जपानच्या दालनात मांडली गेली. गेलेल्या माणसाचे कपाट उघडताना ज्याचा हात अडखळला आहे, त्याला हे फोटो परके वाटणार नाहीत.

२००७ पासून त्या हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयातले, ६ ऑगस्ट १९४५च्या अणुबॉम्बच्या बळींचे कपडे टिपू लागल्या. तोवर या कपड्यांकडे मुख्यतः पुरावा म्हणून पाहिले जाई. मियाकोंनी त्यांतले काही प्रकाशपेटीवर पसरले. जळक्या भोकांबरोबर फुलाफुलांचे कापड, हाताने घातलेले टाके, शोभेची बटणेही दिसू लागली. हा झगा घालणाऱ्या मुलीला नटायची हौस होती, हे कळले की मन हलते. विणकाम शिकलेली नजर इथे कामी आली असणार. फोटोच्या नावात असतो क्रमांक आणि वस्तू देणाऱ्याचे नाव.

२०१२ साली त्यांनी मेक्सिकोत चित्रकार फ्रीडा काहलोच्या, सुमारे अर्धशतक कुलूपबंद राहिलेल्या वस्तू टिपल्या. २०१४ साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. हिरोशिमाचे काम मात्र चालूच राहिले. बॉम्ब अनुभवलेल्या पिढीतली माणसे थकली, की घरात जपलेला एखादा सदरा संग्रहालयाकडे येतो. त्याचा फोटो काढायला मियाको पुन्हा तिथे जात राहिल्या.