पॉलिहाऊस : शेती की बांधकाम?

जे. पी. नगरहून मेट्रोने लालबागला गेलात, तर तिथलं ग्लास हाऊस पाहायला मिळतं. १८८९ साली पायाभरणी झालेली ही काचेची वास्तू पुष्पप्रदर्शनांसाठी प्रसिद्ध आहे. उलट दिशेला, शहर ओलांडून शेतांकडे गेलात, की पांढऱ्या प्लॅस्टिकखाली गुलाब, जर्बेरा, ढोबळी मिरची पिकवणारी पॉलिहाऊस भेटतात. पहिली इमारत आणि दुसरी शेती, असं का?

हा प्रश्न आज घरोघरी महत्त्वाचा झालाय. कर्नाटकात २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली. त्यामुळे रविवारी सहकुटुंब 'फार्म प्लॉट' बघायला जाणारे आपल्यातही बरेच आहेत. "एक पॉलिहाऊस टाकू, बाजूला छोटंसं कॅफे काढू," असं स्वप्न रंगवण्याआधी नियम समजून घ्या.

कर्नाटकाच्या १९६१ च्या नगररचना कायद्यात 'शेती' या शब्दात बागायत, भाजीपाला, फळं, फुलं सगळं येतं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातली व्याख्याही जवळपास अशीच आहे. पीक उघड्यावर हवं, अशी अट यात नाही. म्हणून पॉलिहाऊसमध्ये पिकलेला गुलाबही शेतीचाच.

पण लोखंडी सांगाड्याचं काय? कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यातलं कलम ९५ सांगतं, की शेतजमिनीचा मालक चांगल्या लागवडीसाठी शेतावर इमारत, विहीर, इतर सुधारणा करू शकतो. मात्र ही मोकळीक बांधकामाच्या इतर नियमांच्या अधीन आहे. त्याच जमिनीचा उपयोग शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी करायचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. यालाच इथे 'डीसी कन्व्हर्शन' म्हणतात; महाराष्ट्रात आपण 'एनए' किंवा बिनशेती म्हणतो.

थोडक्यात, छप्पर कशाचं यापेक्षा छपराखाली काय चालतं, हे मोठं. तेच पॉलिहाऊस घ्या. आत मिरची लावली, शेजारी खतं आणि अवजारं ठेवली, तोडलेला माल तिथेच निवडून पेटीत भरला, तर ते सगळं लागवडीला धरून आहे. तिथेच टेबलं मांडून जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या, लग्नाचे हॉल दिले, किंवा बाहेरून आणलेल्या कुंड्या विकायला ठेवल्या, तर वापर बदलला. परवानगीशिवाय असं केल्यास दंडाची कारवाई होऊ शकते. कागदोपत्री शेती, प्रत्यक्षात रिसॉर्ट, ही पळवाट महागात पडते.

आणखी एक गंमत. दोन्ही राज्यांच्या नगररचना कायद्यांनी घराला जोडलेली, घरासोबत वापरायची बाग शेतीच्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजे तुमच्या जे. पी. नगरच्या अंगणात आजी शेडनेटखाली मेथी, कोथिंबीर, टोमॅटो पिकवत असेल, तरी कायद्याने ती घराची बागच. त्यासाठी बिनशेतीची चिंता नको. पण त्या जोरावर 'आम्ही शेतकरी' असंही म्हणता येणार नाही!

जमीन बघायला जाताना या गोष्टी विसरू नका :

• पहाणी, म्हणजे इथला सातबारा, स्वतः वाचा. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि पीक कोणतं लागलंय, ते त्यात दिसतं.

• विकास आराखड्यात ती जागा कोणत्या झोनमध्ये येते, ते नियोजन प्राधिकरणाकडे विचारा. शेती झोनमध्ये काय चालतं याची यादी नियमांत असते.

• सांगाड्याच्या पायासाठी, पाण्याच्या टाकीसाठी किंवा पॅकिंग शेडसाठी परवानगी लागते का, हे पंचायतीकडून लेखी घ्या.

• "सगळं चालतं हो," हे एजंटचं वाक्य कागदावर मागा.

पॉलिहाऊस उभारण्यात मोठी रक्कम गुंतते. अनेकदा कर्जही काढावं लागतं. सांगाडा उभा राहिल्यावर नियम विचारण्यापेक्षा, पहिला खांब रोवण्याआधी विचारलेलं बरं. मग आतला गुलाब तुम्हाला निवांत झोपही देईल.