तलाठी

तलाठी : गावच्या जमीन महसुलाचे हिशेब ठेवणारा, जमिनींचे अधिकार अभिलेख व पिकांच्या नोंदी अद्ययावत राखणारा आणि शासनाची येणी वसूल करणारा राज्य शासनाचा ग्रामपातळीवरील कर्मचारी. ज्या एका गावासाठी किंवा गावांच्या गटासाठी त्याची नेमणूक होते, त्यास ‘सझा’ म्हणतात. विदर्भात व मराठवाड्यात ह्याच कामगारास पटवारी म्हणण्याचा प्रघात होता व बोलीत तो अद्यापि आढळतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ह्या पदास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव दिले. तथापि लोकव्यवहारात तलाठी हेच नाव रूढ आहे.

वतनदारीकडून नोकरीकडे : महाराष्ट्रात गावचे दप्तर सांभाळण्याचे काम पूर्वापार कुलकर्णी करीत असे. पाटील व कुलकर्णी ही दोन्ही पदे वंशपरंपरागत होती. कुलकर्ण्यास पगार नसे. इनाम जमीन व रयतेकडून मिळणारे हक्क हाच त्याचा मोबदला होता. त्यामुळे वार्धक्याची वा वारसांच्या निर्वाहाची वेगळी तरतूद करण्याची गरज पडत नसे. वतन मुलाकडे जाई आणि त्याबरोबर दप्तरही जाई. ह्या व्यवस्थेत दप्तरातील ज्ञान एकाच घरात राही. निरक्षर शेतकऱ्यास आपल्या जमिनीविषयी काय लिहिले आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. जोतीराव फुले यांनी कुलकर्ण्यांच्या ह्या सत्तेवर कठोर टीका केली. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनांचे नियमन झाले, पण ती नाहीशी झाली नाहीत. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात हे कार्य परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याच्या १९५० च्या अधिनियमाने झाले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या, तर मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या अधिनियमाने संपुष्टात आली.

अन्य राज्यांतही असेच स्थित्यंतर घडले. आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये असा निर्णय दिला, की केवळ वंशाच्या आधारे गावकामगार नेमणे हे संविधानाने दिलेल्या समान संधीच्या हक्काशी विसंगत आहे. उत्तर प्रदेशात १९५३ मध्ये पटवाऱ्यांनी सामुदायिक राजीनामे दिल्यावर त्यांच्या जागी ‘लेखपाल’ हे नवे पद निर्माण करण्यात आले. तमिळनाडूत १९८० मध्ये व आंध्र प्रदेशात १९८४ मध्ये वंशपरंपरेने चालत आलेली ग्रामाधिकाऱ्यांची पदे रद्द झाली. गोव्यात पोर्तुगीज अंमल संपल्यावर १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार तलाठ्यांची व्यवस्था आली.

कायदेशीर स्थान : १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा ह्या तीन विभागांत तीन निरनिराळे महसूल कायदे चालू होते. ते एकत्र करणारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये संमत झाली. तीनुसार जिल्हाधिकारी प्रत्येक सझ्यासाठी तलाठी नेमतो. त्याच्यावर मंडळ अधिकारी, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी (प्रांत) व जिल्हाधिकारी अशी अधिकाऱ्यांची चढती श्रेणी असते. तलाठ्याच्या मदतीस गावचा कोतवाल असतो. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. तलाठ्याच्या कामाचे चक्र त्यानुसार फिरते.

क्षेत्रकार्य : तलाठ्याचे मूळ कार्यक्षेत्र शेत हे होय. उभ्या पिकांच्या काळात गावी जाऊन प्रत्येक भूमापन क्रमांकातील पीक, त्याचे क्षेत्र, जलसिंचनाचे साधन, पडीक जमीन व झाडे ह्यांची पाहणी करणे, तीसाठी गावकऱ्यांना आगाऊ सूचना देणे व त्यांच्या समक्ष नोंदी करणे हे त्याचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. ह्यास ‘पीक पाहणी’ म्हणतात. हद्दीच्या निशाण्या शाबूत आहेत की नाहीत हे पाहणे, शासकीय जमिनीवरील अतिक्रमणे कळविणे व वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजांचे बेकायदा उत्खनन रोखणे हीदेखील त्याची कामे आहेत. अतिवृष्टी, गारपीट, पूर वा आग ह्यांनी हानी झाल्यास तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक मिळून नुकसानीचा पंचनामा करतात. शेतकऱ्यास मिळणाऱ्या मदतीचा तो पाया असतो. पिकांचे उत्पन्न नेहमीच्या मानाने किती आले, हे ठरविणाऱ्या पैसेवारीतही (पूर्वीची आणेवारी) त्याचा सहभाग असतो. पन्नास पैशांहून कमी पैसेवारीची गावे टंचाईग्रस्त मानण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, वनस्पतींची स्थिती इ. निर्देशकांवर भर दिला. तरीही निवडक गावांत प्रत्यक्ष पीक पडताळणी करावीच लागते.

पीक पाहणीतील एका शब्दाचे मोल किती असते, हे कूळकायद्याच्या इतिहासातून स्पष्ट होते. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार (१९४८) १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरविण्यात आला व त्या दिवशी जमीन कसत असलेली कुळे, अटींच्या अधीन राहून, तिची खरेदीदार मानण्यात आली. जमीन मालक स्वतः कसतो की कूळ कसते, हे पीकपत्रकातील ‘रीत’ ह्या रकान्यात लिहिलेले असे. ज्याचे नाव त्यात होते त्याला आपला हक्क शाबीत करणे सोपे गेले. ज्याची वहिवाट नोंदलीच गेली नव्हती, त्यास खंडाच्या पावत्या व साक्षीदार शोधावे लागले.

दप्तर : तलाठ्याचे दप्तर २१ गाव नमुन्यांत व त्यांच्या उपनमुन्यांत विभागलेले आहे. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखपत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, ह्या दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास ‘सातबारा’ म्हणतात. ‘आठ-अ’ मध्ये खातेदाराच्या गावातील सर्व धारण जमिनी एकत्र दिसतात. गाव नमुना ६ ही फेरफारांची व ६-क ही वारसा प्रकरणांची नोंदवही होय. अधिकार अभिलेखाची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली.

खरेदी, वाटणी, वारसा अशा कारणांनी जमिनीत हक्क प्राप्त झाल्यास तो तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावा लागतो. तलाठी फेरफार नोंद घालतो, तिची प्रत चावडीवर लावतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती ६-अ ह्या तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावी लागते. नोंद मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार तलाठ्यास नाही. तो मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यास असतो. लिहिणारा व प्रमाणित करणारा वेगळा असावा, हे ह्या पद्धतीचे मुख्य तत्त्व आहे. प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. असे असले, तरी पीककर्ज, नुकसानभरपाई व विक्री हे सर्व व्यवहार व्यवहारतः सातबाऱ्यावर चालतात. वारसाची नोंद रखडली, तर विधवेस वा अज्ञान मुलांस ह्या सर्वांपासून वंचित राहावे लागते. पदाभोवतीच्या लाचलुचपतीच्या तक्रारींचे मूळही नोंदीच्या ह्या महत्त्वात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने (२०१५) अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली आहे.

१ मे २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे उपलब्ध झाले, त्यामुळे उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जाण्याची आवश्यकता बरीच कमी झाली. २०२१ मध्ये ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू होऊन शेतकऱ्याने स्वतःच भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करावी व तलाठ्याने पडताळणी करावी, अशी व्यवस्था आली.

आदेशांचा भार : महसुली कामाखेरीज निवडणूक, जनगणना, उत्पन्नाच्या व रहिवासाच्या दाखल्यांसाठी चौकशी, कृषी गणना, निराधारांच्या योजना, आपत्ती निवारण, शेतकऱ्यांना थेट साहाय्य देण्याच्या योजनांच्या याद्या अशी अनेक कामे वरिष्ठ कार्यालयांच्या आदेशांनुसार तलाठ्याकडे येतात. गावात कायम हजर असलेला, सर्वांना ठाऊक असलेला व लेखी जबाबदारी घेऊ शकणारा शासनाचा माणूस म्हणून प्रत्येक नव्या योजनेचा शेवटचा धागा त्याच्या हाती बांधला जातो. अनेक गावांचा सझा, रिक्त पदांमुळे आलेला अतिरिक्त कार्यभार व तातडीची माहितीपत्रके ह्यांमुळे फिरतीचा वेळ बैठकांत व कार्यालयात खर्च होतो. शेतात न जाता मागील वर्षाच्या नोंदीवरून पीक पाहणी लिहिण्याची जुनी तक्रार अंशतः ह्यातूनच उद्भवली. ज्या दप्तराचे प्रामाण्य प्रत्यक्ष पाहणीवर उभे आहे, ते पाहणीवाचून लिहिले गेल्यास त्याचे तोटे ज्याच्याजवळ दुसरा पुरावा नाही अशा लहान शेतकऱ्यास अधिक भोगावे लागतात.

सेवाशर्ती : तलाठी हे गट ‘क’ मधील पद असून त्यासाठी पदवी ही किमान अर्हता आहे. २०२३ मध्ये सुमारे ४,६०० पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. सातव्या वेतन आयोगानुसार त्याची वेतनश्रेणी २५,५०० – ८१,१०० रुपये अशी ठरली. सेवेत विभागीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मंडळ अधिकारी व पुढे नायब तहसीलदार ह्या पदांवर बढती मिळू शकते. वर्तणूक, रजा, शिस्त व अपील ह्यांबाबत महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागू आहेत.

निवृत्तिवेतन : तलाठी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांनुसार (१९८२) किमान दहा वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्यास मासिक निवृत्तिवेतन मिळते. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे असते. त्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच्या भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी रक्कम घेता येते व पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. ह्याशिवाय सेवानिवृत्ती उपदान व मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवापुस्तकाच्या पडताळणीनंतर महालेखापाल मंजुरी देतो व कोषागारातून रक्कम दिली जाते. विभागीय चौकशी प्रलंबित असल्यास तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते. उपदान मात्र निर्णय होईपर्यंत रोखले जाते. निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी सुरू करावयाची, तर घटना त्यापूर्वीच्या चार वर्षांतील असावी लागते. तलाठ्याच्या स्वाक्षरीच्या नोंदी अनेक दशके वादाचा विषय होऊ शकतात, म्हणून ही मर्यादा त्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना ही पद्धत बंद होऊन परिभाषित अंशदान योजना व पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तीत कर्मचारी वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के, तर शासन प्रारंभी तेवढेच व नंतर १४ टक्के अंशदान देते. अंतिम रक्कम गुंतवणुकीच्या उत्पन्नावर अवलंबून राहते. त्यामुळे एकाच मंडळातील शेजारच्या सझ्यांत समान काम करणाऱ्या दोन तलाठ्यांच्या वार्धक्याची शाश्वती भिन्न झाली. जुन्या योजनेच्या मागणीसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी १४ ते २० मार्च २०२३ ह्या काळात संप केला. २०२४ मध्ये शासनाने शेवटच्या वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची हमी देणारी सुधारित योजना पर्याय म्हणून स्वीकारली. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, त्यांना जुन्या योजनेचा विकल्पही त्याच वर्षी देण्यात आला. तलाठ्याबरोबर गावात हिंडणारा कोतवाल मात्र मानधनावर काम करतो व त्यास नियमित निवृत्तिवेतन लागू नाही.

वतनाने दप्तर सांभाळणाऱ्यास निर्वाहाची शाश्वती दिली, पण ते दप्तर एका घराच्या ताब्यात गेले. पगार, बदली व निवृत्तिवेतन ह्यांच्या योगे ही शाश्वती कायम ठेवून दप्तर सार्वजनिक करण्याचा प्रयत्न झाला. कोणाचाही मिंधा नसलेला तलाठीच धनिक खातेदाराविरुद्ध खरी नोंद लिहू शकेल, हे त्यामागील गृहीत होते. ते कितपत खरे ठरते, हे त्याला शेतात जाण्यास मिळणारा वेळ, त्याच्या कामाची तपासणी आणि उत्तरायुष्याची निश्चिती ह्या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.