आतड्याची सूज ओसरल्यावर पथ्य किती दिवस?

चाळिशीनंतर अनेकांच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. मात्र एखाद्या पिशवीला सूज आली, की ओटीपोटात सतत दुखते, ताप येतो, मळमळते. हाच डायव्हर्टिक्युलायटिस. युरोप-अमेरिकेत दुखणे बहुधा डाव्या बाजूला असते. आशियात ते उजवीकडेही बरेचदा आढळते आणि अपेंडिक्सचे वाटू शकते. सीटी स्कॅनने निदान पक्के होते.

पूर्वी अशा प्रत्येक रुग्णाला अँटिबायोटिक्स दिली जात. स्वीडन व आइसलँडमधील ६२३ रुग्णांवरील अभ्यासात (२०१२) गुंतागुंत नसलेला आजार त्यांच्याविनाही तितकाच बरा होतो, असे दिसले. अर्थात, औषधाची गरज डॉक्टरांनीच ठरवावी.

खरा घोळ होतो तो खाण्याबाबत. पहिले दोन-तीन दिवस आतड्याला विश्रांती हवी. त्यासाठी भाताची निवळ, गाळलेले वरणाचे पाणी, शहाळ्याचे पाणी घ्यावे. दुखणे कमी झाले, की मऊ भात, मुगाचे वरण, शिजवलेला दुधी असा कमी चोथ्याचा आहार सुरू करावा. पण अनेक जण दुखणे परत येईल या भीतीने महिनोन्‌महिने मऊ भातावरच राहतात. त्यामुळे मळ घट्ट होऊन बद्धकोष्ठता वाढते. सूज ओसरल्यावर भाकरी, पालेभाज्या, फळे, उसळी हळूहळू वाढवाव्यात आणि सोबत पाणीही भरपूर प्यावे. चोथा एकदम वाढवल्यास पोट फुगते.

‘बिया, दाणे पिशवीत अडकतात’ हा समजही टिकलेला नाही. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १८ वर्षे पाहणी झाली. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दाणे किंवा मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांमध्ये धोका वाढलेला आढळला नाही. धूम्रपान, लठ्ठपणा, बैठी जीवनशैली आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा वारंवार वापर यांनी मात्र तो वाढतो.

बरे वाटल्यावरही साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. आतड्याचा कर्करोग नाही, याची त्यातून खात्री होते. ताप चढत गेला, पोट कडक झाले, उलट्या थांबेनात, वायू सरेनासा झाला किंवा शौचावाटे रक्त गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे.